काकीच्या दाढेखालचा लॉग

हसू नका, पण मी एकदा कॉम्प्युटरवर भात वाळवलंय. आमच्या गावी, मार्गासनीला, काकीनं बियाण्याचं भात खळ्यात पसरलं होतं. ओलावा उतरायचं गणित नॅचरल लॉगनं, म्हणजे e या पायाच्या लॉगॅरिदमनं, सुटतं. मी मीटरनं दोनदा ओलावा मोजला, पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि ऐटीत सांगितलं, "काकी, एक ऊन बास. मग कणगीत भर."

काकीनं एक दाणा दाढेखाली धरून चावला. "न्हाई रं. दोन उनं पायजेत, वर थोडं."

"अगं, हे गणित आहे!"

"आसंल की. पर दाणा दबतोय, कट्‌दिशी तुटत न्हाई. आसंच भरलं तर बी कुजंल. म्होरल्या साली पेरायचं काय, तुजं गणित?"

मी चिडून प्रोग्रॅम उघडला. वाळण्याचा वेग नॅचरल लॉगनं काढला होता, पण दिवस काढताना शाळेच्या सवयीनं मी दहाच्या पायाचा लॉग टाकला होता! तो काढून तिथंही नॅचरल लॉग घातला. उत्तर आलं, दोन पूर्णांक तीन दशांश दिवस.

दोन उनं, वर थोडं! मी म्हटलं, "काकी, तुला हे कळतं तरी कसं?"

तिनं माझ्या तळहातावर एक दाणा ठेवला. "चाव. दात हायेत न्हवं तुला?"