शाळेमागच्या भिंतीचा गिलावा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, पंचायतीच्या प्रधान तारामणीजी, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, गावकरी मंडळी आणि जागा नाही म्हणून खिडकीत चढून बसलेल्या बाळांनो,

डोक्यावर कुल्लूची टोपी ठेवलीत, शाल दिलीत, आणि माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात की हा गृहस्थ कोण, असं मलाच वाटायला लागलं! आभारी आहे. चेहरा कोरा दिसत असेल तर राग मानू नका. माघात माझी बायको सूरमा गेली, तेव्हापासून मला ना आनंद होतो, ना रडू येतं. जेवतो, झोपतो, हजेरी घेतो.

तिला तुम्ही सगळे ओळखत होतात. आलुबुखारा फुलायला लागला की ती शाळेमागच्या दगडमातीच्या भिंतीसमोर येऊन बसायची. त्या भिंतीच्या भोकांत मधमाशीच्या जातीच्या रानमाश्या राहतात. पोळ्यातल्या नव्हेत, एकेकट्या. नर आधी बाहेर पडतात आणि माद्या निघेपर्यंत भोकांपाशी घिरट्या घालतात. ते दिसले की सूरमा वर्गाच्या खिडकीतून ओरडायची, "मास्टरजी, नवरदेव आले! नवरीचा अजून पत्ता नाही. नटायला वेळ लागतो, म्हणावं, धीर धरा!" मुलं हसायची आणि माझं गणित राहायचं. माद्या अंडी घालून भोक चिखलानं लिंपतात आणि मरून जातात. पिल्लं थंडीभर आत पडून असतात. आपल्या बागांना फळ धरतं ते यांच्या जिवावर, हे ती येईल त्याला ऐकवायची.

निरोपाची भेट म्हणून तुम्ही तीच भिंत दुरुस्त कराल, हे मला कुठं ठाऊक होतं? काल मी पेन्शनच्या कामाला कुल्लूला गेलो आणि इकडे दिलेराम मिस्त्रींनी सिमेंटचा गिलावा करून वर सूरमाचं नावही कोरलं. "मास्टरजी, आता मुंगीसुद्धा शिरायची नाही," म्हणाले. काम चोख आहे, दिलेरामजी. तुम्ही सगळ्यांनी प्रेमानंच केलंत.

सकाळी मी तिथं गेलो होतो. परवा बाहेर पडलेले नर गिलाव्यावर बसलेत. उडतात, पुन्हा तिथंच येऊन बसतात. माद्या आत आहेत. रडू मला तेव्हाही आलं नाही. पण पाय निघेना.

गिलावा अजून कच्चा आहे, उद्यापर्यंत दगड होईल. तुमची भेट मी परत करतोय. हा उद्धटपणा वाटला, बोलताना कुणाचं मन दुखावलं, तर एवढ्यापुरतं सांभाळून घ्या. सगळ्यांचा ऋणी आहे. पंगतीचे सिड्डू वाफेवरच राहू देत, तूप मागाहून वाढा.

दिलेरामजी, छिन्नी आणा. सूरमाच्या नावापासून सुरुवात करू.