चिंचेच्या पाण्यातली माळ

—न्हाई न्हाई ताई, ती तेजाबाची बाटली एवढ्यात झाकू नका. अजून एक थेंब टाका की. ह्या विहिरीच्या मलब्यातला पांढरा खडा आत्ता कसा फसफसला, ते मला परत बघायचंय. कावून म्हंजी? उगं आपलं. शेळ्या बसल्यात बाभळीखाली, त्यांना घाई न्हाई अन् मला, ह्या सटवालाबी न्हाई. —हां, ऐकलं. लई बारीक बोलतो तो खडा.

काल तुमी हिकडं दगड तपासायला आलात अन् सांगितलं, तवापासनं माझं कशातच ध्यान न्हाई. हा काळा दगड म्हणं आग होता. वाहती आग. एक थर आला, निवला, त्याच्यावर माती धरली—ती बघा, विहिरीच्या भिंतीत तांबडी रेघ, तीच ना ती माती—अन् तिच्यावर परत आग. शिरूरच्या ह्या माळापासनं पार कुठवर, सगळा मुलूख. अन् त्या आगीतनं जो वायू निघाला, सोड्याच्या बाटलीत असतो तोच, तो वर गेला, हवा तापली, समुद्र तापला, अन् तो वायू पिऊन पिऊन पाणी आंबलं. शिंपल्यातल्या जिवांना घर बांधणं जड झालं. बांधलं तर पातळ, कांद्याच्या पापुद्र्यावाणी. असंच ना? शाळेत गेलो न्हाई मी, चुकलं तर सांगा. माझ्या गोठ्याचं जोतं ह्याच दगडाचं हाय, ताई. माझ्या बायकोचं, मनकर्णाचं जातं ह्याच दगडाचं. जलमभर त्याच्यावर बसलो-उठलो, त्याच्यावर दळलेलं खाल्लं, अन् त्यानं कधी चकार शब्द काढला न्हाई. आता जोत्यावर हात ठेवला की गार लागतं, अन् त्या गारव्याचंच भ्या वाटतं. समुद्र काय मी बघितला न्हाई. कवडी तेवढी बघितली.

ही बघा. पटक्याच्या पदरात बांधून आणलीय. टाका हिच्यावर थेंब. टाका हो, मोडकीच हाय. —बोलली! तशीच बोलली, त्या खड्यावाणी! म्हंजी आंबटानं कवडी खाल्ली जाती. चिंचेनंबी? मान हलवली तुमी. चिंचेनंबी. … थांबा, जरा बसतो.

मनकर्णा आराधीण हाय, मेळ्यात देवीची गाणी म्हणती, देवीची माळ हाय तिच्याकडं, कवड्यांची. सासूकडनं आली, सासूला तिच्या सासूकडनं. म्हातारपणी ती सुनेच्या गळ्यात घालायची, अशी आमच्यातली रीत. सून एकच, बबिता. आमचा पोरगा रामेश्वर ऊसतोडीला गेलता, तिकडंच ट्रॉलीखाली गेला. पोरबाळ न्हाई. लोक म्हणले, धाडा तिला माहेरी. मनकर्णा म्हणली, कावून? माझी माळ कोण घालंल? माझ्यामागं मेळ्यात कोण गाईल? माळ गळ्यात पडली की बाईला घरात जागा होती, ताई, मग तिला कुणी ‘ऊठ’ म्हणत न्हाई. नवरात्रात घालायचं ठरलं. बाया जमल्या, संबळ वाजला, बबिता मान वाकवून बसली. अन् मनकर्णानं खुंटीवरची माळ दिव्याम्होरं धरली, तर काय! पांढरीफट्ट. तकाकी गेलेली, खरबरीत, उन्हात पडलेल्या हाडकावाणी. मनकर्णानं बोटं फिरवली तर एक कवडी चुरली. तीच ही. ती म्हणली, “देवीनं न्हाई म्हणलं.” संबळ थांबला. बबिता तशीच मान वाकवून. तिला ‘ऊठ बाई’ म्हणायचंबी कुणाला सुचंना.

तवापासनं तिचं ताट आडबाजूला. मनकर्णा तिच्या हातचं पाणी घेत न्हाई. रागानं न्हाई हो, भ्यानं. बबिताच्या भावाला, भागवतला सांगावा गेलाय, आज येणार हाय तो न्यायला. माहेरी भावजय हाय, ती हिला कसं वागवंल ते मला ठावं हाय.

कुणी ठेवली चिंचेत? ते मला काय ठावं. घटाच्या आदी देव्हाऱ्यातले टाक चिंचेच्या पाण्यात भिजत घालत्यात, पितळंला चमक येती. माळ न्हाई घालत त्यात कधी, माळंला नुसता तेलाचा हात. पण टाक अन् माळ एकाच फडक्यात असत्यात, बोटाला पितळ लागतं, कवडी लागती, डोळ्यांवर पडदा आला की काय कळतंय—मी सकाळी बघितली तर पातेल्यात तळाला, मीच काढून खुंटीला अडकवली, वलीच, म्हणलं वाळंल…

आता तुमी अशा कावून बघता माझ्याकडं?

हां. मनकर्णानंच. तिला दिसत न्हाई, ताई. ते ती कुणाला कळू देत न्हाई. भाकरी अंदाजानं थापती, बबिता गपचिप कडा सारखी करती. त्या हातांनी जलमभर देवी पुजली, अन् त्याच हातांनी माळ आंबटात बुडवली, हे तिला कसं सांगू? ती भांडायची न्हाई. नुसती हातांकडं बघत बसंल, दिसत न्हाईत तरी.

म्हणून म्हणतो, तुमीच बोला. तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकंल ती. सांगा, समुद्रच आंबलाय म्हणून कवड्या अशा झाल्या. खोटं हाय का? तुमीच म्हणला, आताबी तोच वायू निघतोय, परळीच्या वीजघराच्या चिमण्यांतनं, गाड्यांतनं, अन् त्या आगीपरीस लई घाईनं. मग समुद्रावर घाला की. त्याला कुठं सासू हाय, त्याला कुठं माहेर हाय! —न्हाई म्हणता. ही कवडी कवाच पाण्याभाईर आलती, तिला तो समुद्र न्हाई लागला. ठीक. बरोबर हाय तुमचं. तुमच्याकडनं खोटं बोलवून घ्यायचं, तेबी देवीच्या माळंवरनं… मीच भ्यालो हाय, दुसरं काय.

पण बघा, तेवढ्या मोठ्या समुद्रात कवच गळायला लागलं तवा त्या बारक्या जिवाला वाटलं असंल का, की आपलंच काय चुकलं? देव आपल्यावर रुसला? बबिताला वाटतंय. आडबाजूला जेवताना ताटाकडं बघती, सारखं आठवती, काय चुकलं असंल म्हणून.

—गाडी वाजली का? भागवतची फटफटी. ती बघा, आमच्या घराच्या दारात बबिता, गठुडं घेऊन उभीच हाय, कुणी हाक मारायच्या आदीच. भागवता! ए भागवता! गाडी बंद कर, पोरा! गठुडं खाली ठिव गं, बबिता! आत चल, तुझ्या सासूला मला काय तरी सांगायचंय, तुझ्यासमोर सांगायचंय!

न्हाई ताई, तुमी नका येऊ. तिनं हे ऐकताना परकं माणूस नको.