पंचवीस वर्षं टिकणारी स्ट्रॉबेरी

दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे साठीचं एक जोडपं होतं. अडीअडचणीसाठी घरात साठवायच्या सुक्या खाण्याचे डबे निवडणं अजून चालूच होतं.

"अहो, पुन्हा स्ट्रॉबेरी?"

"अगं, गोठवून सुकवलेली आहे. पंचवीस वर्षं टिकते."

"मागच्या डब्यातली नऊ दिवस टिकली."

"संकट आलं होतं."

"कसलं?"

"तुझी बहीण."

"तिनं दोनच खाल्ल्या. बाकीचा डबा मॅच बघता बघता कुणी फस्त केला?"

"चव बघायला नको?"

"तळापर्यंत? त्यापेक्षा वाळवलेला भोपळा घेऊ. त्याला तुम्ही हात लावणार नाही."

"संकटात वर भोपळा खायचा? मग संकट वेगळं कशाला हवं?"

"बरं, घ्या स्ट्रॉबेरी. पण डबा कुलपात राहील."

"आणि किल्ली?"

"बहिणीकडे."