हाडवैद्यिणीची सोडचिठ्ठी

— नाही, नाही, तोंड टेबलाच्या त्या भोकातच राहू द्या, कर्नलसाहेब. मान उचललीत की कमरेत पुन्हा कळ जाईल, मग तुम्ही ओरडाल, आणि बाहेर बाकावर तुमचेच शिपाई बसलेत — जेवणापर्यंत सगळ्या छावणीत बोभाटा. हात खाली सोडा. अस्सं. आता या विजेच्या चकत्या पाठीला चिकटवतेय, मुंग्या चावल्यासारखं होईल. फारच चावल्या तर हुं म्हणा, पण बोलायचं नाही. बोललं की पाठ ताठते. यंत्राची घंटी वाजेपर्यंत तुम्ही माझ्या ताब्यात — पटत नसलं तरी पडून राहा. उचललंत तरी काय एवढं? लेकीचं कपाट? अहो, आतले कपडे तरी काढायचे होते! — हं. नका सांगू.

डॉक्टर मेजर गेलेत रजेवर, मासे धरायला, तेव्हा आज तुमच्या नशिबी मी. घाबरू नका, हाडंबिडं मोडत नाही मी. त्याचं शिक्षण चार वर्षांचं असतं — आणि त्या चार वर्षांसाठी पलटणीतून सोडा, सोडचिठ्ठीवर सही करा म्हटलं तर तुम्ही दोनदा नाही म्हणालात. — हललात! बघा, हललात! भांडायला नाही काढला हो विषय, आपोआप निघाला. तुमची अडचण कळते मला. पलटणीला पोलंडला जायचंय, जखमा बांधणारी माणसं कमी, त्यात मॅब्री चालली. कळतं. पण सगळ्यांसमोर काय म्हणालात? ‘सार्जंट मॅब्री, एवढी नोकरी झाली आणि आता हाडवैद्यीण व्हायला निघालीस?’ सगळे फिदीफिदी. त्या दिवसापासून जेवणाच्या रांगेत पोरं माझ्यापुढे कोंबडीची तंगडी धरतात — ‘सार्जंट, एवढी बसवून द्या.’

आता मान भोकात आहे तोवर ऐकून घ्या. ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर म्हणजे पुरता डॉक्टर. सुई, सुरी, गोळ्या, बाळंतपण — सगळं करतो. वर हातानं अंग चाचपून दुखणं कुठे दडी मारून बसलंय ते शोधायला शिकतो. ज्या मेजरसाठी तुम्ही सकाळी फोनवर कण्हत होतात ना, ते त्यातलेच! बरं तर. फी फौजच भरणार, नंतर मी परत तुमच्याच गळ्यात, कॅप्टन होऊन. मग कोण कुणाला काय म्हणतं बघू.

तसं — आता तुम्हाला काय लपवायचं — दुसऱ्या कॉलेजांनी मला दारातसुद्धा उभं केलं नसतं. गुण बेताचे. रसायनशास्त्र मी कुवेतमध्ये शिकले, पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या खाटेवर एक बया ट्रॅक्टरसारखी घोरत असायची. त्यात काय दिवे लावणार? पण एका कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं. संगणकावरच, पण बोलावलं. आणि कधी? आपला ऑक्टोबरचा सराव चालला होता तेव्हा. तुम्ही तंबूत नकाशावर बोट फिरवत होतात आणि मी रुग्णगाडीत मागे बसलेले — वर पाद्रीबुवांचा काळा कोट, खाली चिखलाची विजार आणि बूट. मांडीवरच्या संगणकाला नेट फोनवरून, आणि फोनला रेंज कुठे? तर छपरावर. म्हणून आपला फिनाऊ, तो टोंगा बेटांवरचा आडदांड पोरगा, फोन आभाळाकडे धरून टपावर उभा. पाऊस सुरू. त्यानं वजन या पायावरून त्या पायावर टाकलं की गाडी डुलायची, आणि पडद्यावरच्या तिघा परीक्षकांना वाटायचं बाई झोपेनं डुलतेय. त्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘आपण धर्मोपदेशक आहात का?’ कॉलरवर क्रूस, साहेब! काढायचा राहिला. म्हटलं, ‘नाही बाई, कोट उसना आहे, पाप माझं आहे.’

हसू नका, चकती निघतेय. पुढे ऐका. ‘आमच्याच कॉलेजात का?’ असं त्यांनी विचारलं आणि दारावर धाड धाड धाड! तोफखान्यातला शिपाई. ‘सार्जंट, मला तिथे गोचीड चिकटलीय!’ — ‘कुठे तिथे?’ — ‘तिथेच!’ आख्ख्या कॉलेजला ऐकू गेलं. मी आतून ओरडले, ‘हात लावू नकोस, ओढू नकोस, आलेच!’ मग त्या तिघांकडे बघितलं. म्हटलं, संपलं. तर म्हातारीबाई म्हणाल्या, ‘जा ना, काढून या. आम्ही कॉफी घेतो.’

परत आले तेव्हा पाठ केलेलं सगळं उत्तर धुऊन गेलेलं. मग जे तोंडात आलं ते सांगितलं. माझा बाप लाकडाचे ट्रक चालवायचा. कंबर गेली. शहरातल्या डॉक्टरनं एक्स-रेच्या फोटोकडे बघितलं, बापाकडे बघितलंच नाही, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी माणूस पोखरला — दिवसा झोपायचा, रात्री आमच्यावर ओरडायचा. शेवटी गावातल्या डॉक्टर क्रेब्जनी त्याला टेबलावर झोपवलं आणि नुसते हात ठेवून बसले, बरगड्यांखाली. किती वेळ. आणि बाप रडायला लागला. दुखत होतं म्हणून नव्हे. आई सोडून गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, साहेब. मी दारात उभी होते. — हे शेवटचं त्यांना नव्हतं सांगितलं. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. तुमचं तोंड दिसत नाही म्हणून असेल.

बाप? आहे ना, ठणठणीत आहे, तक्रारी करायला. गोळ्या सुटायला वर्षं गेली, पण सुटल्या. कॉलेजनं घेतलं असं कळवलं तर म्हणाला, ‘पोरी, तू डॉक्टर होईतो मी मरेन, मग मला काय उपयोग?’ आणि लगेच शेजारणीला फोन करून बढाया.

त्याला अजून सांगितलं नाही तुम्ही नाही म्हणालात ते. आणि खरं म्हणजे — हुं म्हणू नका आता, ऐका नुसतं — दुसऱ्यांदा नाही म्हणालात ना, त्या रात्री मी गाढ झोपले. महिन्यांनंतर पहिल्यांदा. वाटलं, सुटले. आता नापास झाले तर दोष माझा नाही. वर्गात माझ्या निम्म्या वयाची पोरं बसणार, हाडांची नावं धडाधडा म्हणणार, आणि मी? मी फार तर गोचीड काढीन. सगळ्यांसमोर तुमच्या नावानं बोटं मोडली, आणि आतून... आतून तुमचे पाय धरावेसे वाटले. असली मी. बघा. आणि कुठे चाललीय डॉक्टर व्हायला.

— वाजली घंटी. थांबा, चकत्या काढते. एका कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर जोर. हळू! कपाट नाही उचलायचं, स्वतःलाच उचलायचंय. आता बोला, काय मघापासून हुं हुं करत होतात?

...काय?

कधी? आज सकाळी? म्हणजे इथे येण्याआधीच? माझी सोडचिठ्ठी सही करून... वर पाठवलीसुद्धा?

आणि तरी हे सगळं तुम्ही पडल्यापडल्या ऐकत राहिलात —

नाही, हसत नाहीये. हसतेय. माहीत नाही. शर्ट घाला, साहेब. दुपारी पुन्हा शेकायचं, आणि लेकीला सांगा, कपाट आहे तिथंच बरं आहे. जा आता. जा ना.

फिनाऊ! पुढच्याला आत — नाही. थांब. आत्ता नको कुणाला पाठवूस. दार लाव.