मावशीचा कोपरा

मंडळी, बसून घ्या. धंद्याच्या वेळेला गिऱ्हाईक सोडून आलात, हे मावशीला आवडलं नसतं. "गिऱ्हाईक उभं हाय अन् तुम्ही इथं रडताय व्हय?" म्हणाली असती. मी कांदे-बटाटे विकणारा माणूस. मला ओरडता येतं, बोलता येत नाय. तरी बोलतो.

गयामावशी आपल्या मंडईत मेथी-कोथिंबीर विकायची. जागा कुठं होती तिची? पार तोंडाशी. आत येणारं गिऱ्हाईक पहिलं तिच्यापाशी. अन् मागच्या कोपऱ्यात काय होतं? उकिरडा. कोबीचा पाला, सडके टमाटे, कॅरीबॅगा. सगळे तिथंच फेकायचो. गाया पाल्यासंगं पिशव्या खायच्या. पाटी लावली, तर पाटीखालीच ढीग.

एका सकाळी मावशीनं तो कोपरा झाडला, गोणपाट अंथरलं अन् जुड्या मांडून तिथंच बसली. मी म्हणलं, "मावशी, येडी झालीस का? इथं कोण येतंय?"

"कचरा रिकाम्या जागेत पडतो रं. माणसाच्या अंगावर कोण टाकतंय?"

अन्वरभाई, हसू नका, तुमचंच सांगतो. अन्वरभाईंनी सवयीनं सडक्या पपयांची पिशवी हळूच तिच्यामागं ठेवली अन् निघाले. मावशीनं हाक मारली, "अन्वरभाई, कुछ भूल गए तुम!" मोबाईल राहिला वाटून हे पळत आले. मावशीनं दोन्ही हातांनी पपया परत दिल्या. सगळी मंडई हसली. अन्वरभाई सगळ्यांत जास्त.

मग तिच्या हाकेच्या धाकानं पाला वेगळ्या ड्रममधी जायला लागला, प्लास्टिक वेगळ्या. गिऱ्हाईक तिला शोधत मागं यायला लागलं. उकिरड्याच्या जागी कोथिंबिरीचा वास. लई मजेत राहिली मावशी तिथं.

ती गेली, अन् काल त्या कोपऱ्यात एक पिशवी पडली. कुणी टाकली, विचारत नाय. जागा रिकामी दिसली, एवढंच. पण मला ते लई लागलं.

म्हणून सांगतो, उद्यापासनं माझे कांदे त्या कोपऱ्यात. माझी पुढची जागा ज्याला पायजे त्यानं घ्या. अन् आज हार ज्या पिशव्यांतून आणले, त्या खिशात घालून न्या. एखादी खाली राहिली तर मागनं हाक येईल. आवाज तेवढा माझा असंल.

चला, उभे राहा. मावशी बोलायची तेव्हा आपण कधी गप्प राहिलो नाय. आज थोडा वेळ राहू.