हॉलिनची उतरंड

(ग्लेनिसच्या स्वयंपाकघरातलं टेबल. मार्चमधली दुपार. टेबलावर कालव्यांचा नकाशा, चहाची किटली आणि फळांचा अर्धा केक.)

टॅम्सिन : पाचपर्यंत मला बोटीच्या यार्डात फोन करायचाय, आई. ईस्टरच्या आठवड्यासाठी बोट त्यांनी तोवरच धरून ठेवलीय. यार्डातून डावीकडे जाणार की उजवीकडे, ते आधी सांगा म्हणाले.

डेझमंड : डावीकडे. तासभर मी दुसरं काय सांगतोय?

ग्लेनिस : तासाभरात तू केकचे तीन तुकडे संपवलेस, तेवढंच माझ्या लक्षात राहिलं.

टॅम्सिन : काका, डावीकडे का, ते एकदा नीट सांग. मला रूबेनला समजवायचंय.

डेझमंड : डावीकडे अठरा मैल सपाट कालवा. बोट चढवा-उतरवायला एकही लॉक नाही. तुझ्या नवऱ्यानं आजवर बोटीवर पाय ठेवलेला नाही. त्याची आई परवा मला फोनवर विचारत होती, बोटीत केस वाळवायचं यंत्र चालेल का म्हणून. वडिलांचा गुडघा नवा बसवलेला. वर तुझी दोन पोरं, एक नऊ वर्षांचं, एक सहाचं. ही वरात घेऊन उजवीकडे वळायचं आणि हॉलिनची सोळा लॉकची उतरंड उतरायची? कशासाठी?

ग्लेनिस : आणि सपाट कालव्यावर ही माणसं करणार काय? एक जण सुकाणू धरणार, बाकीचे बदकं मोजणार. तिसऱ्या दिवशी रूबेनची आई गाडी पकडून नॉरिचला परत. लॉक असलं की प्रत्येकाच्या हाताला काम असतं. नवख्याला दार ढकलायला दिलं की जेवणापर्यंत तो स्वतःला खलाशी समजायला लागतो. हे तुझंच बोलणं आहे, डेझ. वीस वर्षं यार्डात येणाऱ्या प्रत्येकाला तू हेच ऐकवत आलास.

डेझमंड : मग आता मत बदललं. माणसाचं बदलतं.

टॅम्सिन : हे बघा, नवख्यांचं नाव पुढे करून आपण तिघंही काहीतरी टाळतोय. सातवं लॉक. बाबा तिथेच बुडून गेले. घ्या, मी बोलले एकदाचं.

ग्लेनिस : मी कुठे टाळतेय? मी तर तिथेच जाऊ म्हणतेय.

टॅम्सिन : हो, आणि तिकडे गेलो तरच तू येणार. तिकडे गेलो तर काका येणार नाही. साठ फुटी बोट आहे. यार्डवाला म्हणतो, बाकी सगळे नवखे असतील तर निदान दोन जुनी, मुरलेली माणसं बोटीवर हवीत, नाहीतर बोट देत नाही. मला तुम्ही दोघंही हवे आहात. एक जण रुसून बसला तर सुट्टी गेली.

डेझमंड : मी रुसलेलो नाही.

टॅम्सिन : मग काय झालंय?

डेझमंड : पोरं घेऊन तिथून जायचं नाही, एवढंच.

टॅम्सिन : पोरांची काळजी मलाही आहे. थोरल्याला मी सगळं समजावून सांगितलंय. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. वरून आत शिरायचं, मागचं दार लावायचं, पुढच्या झडपा उघडल्या की पाणी उतरतं आणि बोटही उतरते. मागच्या दाराखाली दगडाचा उंबरा असतो. बोटीचं शेपूट त्या उंबऱ्यावर अडकलं तर मागची बाजू वर लटकते आणि पुढची बुडते. म्हणून सुकाणूवाल्यानं बोट पुढे ठेवायची. त्यानं विचारलं, मग आजोबांनी का नाही ठेवली? मी म्हटलं, आजोबांचं लक्ष नव्हतं.

ग्लेनिस : असं सांगितलंस तू त्याला?

टॅम्सिन : दुसरं काय सांगू? चौकशीच्या कागदात तेच आहे. सुकाणूवाल्याची चूक. वर तुम्ही दोघं काठावर हजर. नुसता भोंगा वाजवला असता तर तुम्ही त्याच क्षणी झडपा पाडून पाणी थांबवलं असतं. पण बाबांनी तोही वाजवला नाही. नऊ वर्षं मला त्यांचा राग येतोय, आई. चाळीस वर्षं बोट चालवलेला माणूस भोंगा वाजवायला विसरतो?

डेझमंड : चहा गार झालाय. मी दुसरा टाकतो.

ग्लेनिस : बस खाली. किटली भरलेली आहे. टॅम्सिन, मला तिथे का जायचंय ते सांगते. हसू नकोस, आणि डॉक्टरकडे नेऊ नकोस. गेल्या शरद ऋतूपासून मला ऐकू येतंय. परवा कपडे वाळत घालत होते. भर दुपार, लख्ख ऊन. कालवा इथून चार मैलांवर. आणि तुझ्या बाबांच्या, आल्विनच्या, बोटीचा भोंगा वाजला.

टॅम्सिन : रस्त्यावरची लॉरी असेल.

ग्लेनिस : चाळीस वर्षं ऐकलेला भोंगा आहे तो, जरासा घोगरा. आधी मला वाटायचं, थांबेल आपोआप. आता तर चिमटे हातात धरून मी उभीच राहते, पुढचा कधी वाजतो म्हणून. येतोच तो. त्याला काहीतरी हवंय माझ्याकडून. तिथे जाऊन उभी राहिले तर कदाचित...

डेझमंड : कसा वाजतो?

ग्लेनिस : काय?

डेझमंड : भोंगा. कसा वाजतो ते सांग.

ग्लेनिस : एक लांब. मग जरा वेळ काहीच नाही. मग दोन तोकडे.

डेझमंड : दुसरा तोकडा अर्ध्यातच तुटतो.

ग्लेनिस : हो.

टॅम्सिन : काका, तुला कसं माहीत?

डेझमंड : दाढी करताना येतो मला. पाण्याचा नळ चालू असला की.

टॅम्सिन : थांबा. चौकशीत तुम्ही दोघांनी सांगितलं होतं की भोंगा वाजलाच नाही. मी तिथे बसले होते. आधी काका, मग आई. दोघांनी शपथेवर सांगितलं.

ग्लेनिस : सांगितलं होतं.

टॅम्सिन : मग?

डेझमंड : मी सांगतो. झडपा दोन असतात, दोन्ही बाजूंना एक-एक. एक मी उघडली, एक तुझ्या आईनं. नियम काय? बोट खाली पोचेपर्यंत झडपेपासून हलायचं नाही. नवख्यांना मी हे ओरडून सांगायचो. पण आम्ही नवखे नव्हतो ना. समोरून दोन बोटी वर यायला निघाल्या होत्या, त्यांच्या आधी आठवं लॉक भरून ठेवायचं होतं. ग्लेनिस तिच्या झडपेशी उभी आहे हे पाहिलं आणि सायकल काढली. आठव्यापाशी पोचलो तेव्हा भोंगा ऐकला. मला वाटलं, त्या समोरच्या बोटींपैकी कोणीतरी घाई करतंय. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

टॅम्सिन : पण आई होती ना वर.

ग्लेनिस : नव्हते.

डेझमंड : काय?

ग्लेनिस : मी तिथे नव्हते, डेझ. तुझं जॅकेट तुझ्या बाजूच्या दांड्यावर लटकत होतं. मला वाटलं, तू त्याच्यामागेच वाकून काहीतरी करतोयस. तू आहेस म्हणून मी गेले. कुंपणापलीकडे ती बाई अंडी विकायला ठेवायची, तिथे.

डेझमंड : मी परत आलो तेव्हा तू काठावर उभी होतीस.

ग्लेनिस : हातात सहा अंडी घेऊन. तू मला एकदाही विचारलं नाहीस, अंडी कुठून आली. मला वाटायचं, तुला सगळं माहीत आहे आणि तू मला पाठीशी घालतोयस. म्हणून तुझं तोंड बघणंही मला जड जायचं.

डेझमंड : मला अंडी दिसलीच नाहीत. मला वाटायचं, मी निघून गेलो हे तुला माहीत आहे. एकट्या बाईला दोन बाजूंच्या दोन झडपा पाडता आल्या नाहीत, असंच मी धरून चाललो होतो. त्यामुळेच तर मी...

टॅम्सिन : म्हणजे वर कोणीच नव्हतं.

ग्लेनिस : कोणीच नव्हतं.

टॅम्सिन : आणि भोंगा? तू तर शंभर पावलांवर होतीस, आई.

ग्लेनिस : ऐकला ना. सकाळी आमचं भांडण झालं होतं, त्याच्या ओल्या मोज्यांवरून. मला वाटलं, हा मला घाई करतोय, नेहमीसारखा. म्हणून मी आणखी सावकाश अंडी निवडली. एकेक उचलून बघितलं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. पाद्र्यालाही नाही.

डेझमंड : ग्लेनिस.

ग्लेनिस : तीनदा हाक मारून वरून कोणी आलं नाही, तेव्हा पाणी शिरू नये म्हणून बोटीच्या पुढच्या टोकाचं दार लावायला तो स्वतः आत उतरला, आणि आतच राहिला. दुसरा तोकडा का तुटला? तेव्हाच त्यानं भोंगा सोडला. आमच्यावरची आशाही तेव्हाच सोडली असेल.

टॅम्सिन : आणि सगळं त्यांच्या नावावर गेलं. तुम्ही दोघांनी जाऊ दिलंत. माझ्या मुलाला मी सांगितलं की आजोबा वेंधळे होते. ते वेंधळे नव्हते. तीनदा हाक मारली त्यांनी.

डेझमंड : शेपूट जरा मागे सरकलं, ती चूक त्याची होती. दहा सेकंदांची. माणूस वर असता तर हसण्यावारी गेली असती.

टॅम्सिन : मी तुमच्यावर किती चिडलेय, हे मला आत्ता सांगतासुद्धा येत नाहीये. रूबेनची आई असती ना तिथे, केस वाळवायचं यंत्र विचारणारी, तर ती भीतीनं त्या झडपेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली असती. जागची हलली नसती. आणि तुम्ही मला नवख्यांची भीती दाखवताय.

डेझमंड : म्हणूनच डावीकडे म्हणत होतो. मला त्या लॉकची भीती नाही. पोरं बोटीत आणि झडपेवर मी, याची आहे.

ग्लेनिस : डावीकडे जाऊ या मग. माझं काय, मी इथेच ऐकत बसेन. सवय झालीय.

टॅम्सिन : नाही.

ग्लेनिस : तू ठरवशील ते. मला नको नेऊस. मी मुलांजवळ नको असेन तर तेही समजेन मी.

टॅम्सिन : मी यार्डाला उजवीकडे सांगणार आहे. परत आल्यावर आपण तिघं जाऊन तो चौकशीचा कागद बदलून घ्यायचा. काय होईल ते होवो. आणि आज संध्याकाळी थोरल्याला तू सांगायचंस, आई, मी नाही. भोंग्याचंही सांग.

ग्लेनिस : अंड्यांचंही?

टॅम्सिन : तेही.

डेझमंड : आणि सातव्या लॉकला?

टॅम्सिन : मुलं रूबेनबरोबर काठाकाठानं चालतील. त्याचे आईवडीलही. सायकल यार्डातच ठेवायची. सुकाणू मी धरीन.

डेझमंड : सहा वर्षांत तू सुकाणू धरलेलं नाहीस.

टॅम्सिन : बाबांनी शिकवलंय. विसरले नसेन.

ग्लेनिस : आणि आम्ही? आम्ही काय करायचं?

टॅम्सिन : तुम्ही दोघं झडपांवर. एका बाजूला तू, एका बाजूला काका.

डेझमंड : एवढं झाल्यावरही आमच्यावर सोडतेस?

टॅम्सिन : माहीत नाही. खाली उतरताना मी सारखी वर बघत राहीन, काका. पाणी उतरेल तसं मला फक्त दगड आणि आभाळ दिसेल. तुम्ही दोघं मला दिसत राहा, एवढंच.