सफरचंदाचा रस

युवकांना परदेशी पाठविणाऱ्या संस्थेच्या खिडकीपुढे मी रांगेत उभा होतो. परक्यांचे संभाषण ऐकू नये, हे मी जाणतो. तथापि रांग सरकेना आणि कानांना अन्य उद्योग नव्हता. माझ्यापुढे एक तरुण व त्याची थोरली भगिनी उभी होती.

“ताई, शपथ, थेंबही घेतला नाही.”

“मग ‘अतिमद्यपान, पुन्हा पाठवू नये’ असं तिकडून आलेल्या पत्रात कसं?”

“तिथल्या मेजवानीत माझ्या पेल्यात सफरचंदाचा रस होता. सगळे डुलत होते, मी एकटा खांबासारखा उभा. म्हटलं, आपणही थोडं डुलावं.”

“थोडं?”

“टेबलावर चढलो.”

“अरे देवा!”

“नंतर रडलोसुद्धा.”

“काय नाटकी आहेस रे!”

“ते नाटक नव्हतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी खांद्यावर हात ठेवून माझं नाव विचारलं.”

“बरं, बरं. आता खिडकीत खरं सांग, म्हणजे यादीत नाव परत येईल.”

त्यांची पाळी आली.

“बोला, काय तक्रार आहे?”

“मॅडम, मी प्यायलो नव्हतो. तो सफरचंदाचा रस होता.”

“पत्रात तर तुम्ही रडल्याचंही लिहिलंय. रस पिऊन कुणी रडतं का? का रडलात, ते इथे लिहा.”

“मॅडम, त्यापेक्षा प्यायलो होतो, असंच राहू द्या.”